आम्ही फळे सालीसकट का देतो : कापलेल्या फळांच्या डब्याविषयी माहिती

फोर्ट, परळ आणि दादर येथील कार्यालयांत आमचे डबे घेणारे अनेक ग्राहक विचारतात, की सफरचंद आणि पेरू आम्ही सोलून का देत नाही आणि रस गाळून देण्यास तयार का नसतो. दोन्हींचे कारण एकच आहे : चोथा म्हणून जो तंतुमय भाग एरवी टाकला जातो, तोच आम्हाला डब्यात हवा असतो.

हा भाग आपल्या पाचकरसांनी पचत नाही. त्यातील सेल्युलोजसारखा न विरघळणारा अंश सालीत अधिक असतो. तो मलाचे आकारमान वाढवून त्याला पुढे सरकण्यास मदत करतो, त्यामुळे दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना बद्धकोष्ठतेत त्याचा उपयोग होतो. विरघळणारा अंश म्हणजे मुख्यतः पेक्टिन. पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते तेच हे पेक्टिन पोटातील अन्नही दाटसर करते आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

पेक्टिनचे मोठे काम मात्र पुढे, मोठ्या आतड्यात होते. तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. शिवाय या आम्लांमुळे तेथील वातावरण किंचित आम्लधर्मी राहते आणि काही अपायकारक जिवाणूंना ते मानवत नाही. आहारात तंतू फारच कमी पडले, तर काही जिवाणू आतड्याच्या आतील संरक्षक चिकट थरावरच गुजराण करू लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. तरीही अमुक फळ खाल्ले की ‘चांगले जिवाणू’ वाढतात, अशी जाहिरात आम्ही करत नाही, कारण प्रत्येकाच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती निराळी असते आणि एका डब्यापेक्षा रोजच्या आहाराचा प्रभाव अधिक असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थांची शिफारस केली. १०० ग्रॅम पेरूत किंवा चिकूत ते निदान ५ ग्रॅम मिळतात, सालीसकट सफरचंदात सुमारे अडीच ग्रॅम. हापूसप्रेमींनी रागावू नये, पण आंबा या बाबतीत पेरूच्या बराच मागे आहे. उरलेली गरज भाकरी, डाळी, उसळी आणि भाज्यांनी भागवावी लागते.

सवय नसताना एकदम भरपूर फळे खाल्ल्यास पोट फुगते व वायू होतो. म्हणून प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. संवेदनशील आतड्याचा विकार असलेल्या काहींना सफरचंद, नासपती व आंबा त्रासदायक ठरतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच डबा सुरू करावा.

फळे कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली जातात. साल नकोच असल्यास मागणी नोंदवताना तसे कळवावे. डबा वेगळा बांधला जाईल आणि किंमत तीच राहील.