ऑनलाइन जाहिरात

संकेतस्थळे, शोधयंत्रे, समाजमाध्यमे व मोबाइल अ‍ॅप यांवरील जागा विकत घेऊन ग्राहकापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीस ऑनलाइन जाहिरात म्हणतात. वृत्तपत्रातील जागा सर्व वाचकांसाठी एकदाच विकली जाते, तर येथे तीच जागा पाहणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे विकता येते.

हिचा आरंभ सामान्यतः २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर झळकलेल्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या बॅनरपासून (पानावरील जाहिरातपट्टीपासून) धरला जातो. मात्र त्या स्थळावर आरंभीच इतर कंपन्यांचेही बॅनर होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान एकाच कंपनीस देणे सैलपणाचे ठरते. ‘ग्लोबल नेटवर्क नॅव्हिगेटर’ने १९९३ मध्येच एका वकिली संस्थेस क्लिक करता येणारी जाहिरात विकल्याचे सांगितले जाते, आणि ‘प्रॉडिजी’ या सशुल्क संगणकसेवेच्या पडद्यावर जाहिराती त्याही आधी दिसत. काही लेखक आणखी मागे जाऊन मे १९७८ मध्ये आर्पानेटच्या (इंटरनेटच्या पूर्वरूप असलेल्या अमेरिकन संगणकजाळ्याच्या) सुमारे ४०० सदस्यांना धाडलेल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या प्रचारपत्रापर्यंत पोहोचतात. परंतु तेथे जागेची खरेदी झालेली नसल्यामुळे ते या व्याख्येत बसत नाही. वेबवरील विकत घेतलेली जागा ही कसोटी मानल्यास १९९३ चा दावा अधिक ग्राह्य वाटतो. प्रथा म्हणून प्रसार मात्र १९९४ नंतरचाच. पहिला बॅनर पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी त्यावर क्लिक केल्याचा बहुचर्चित आकडा सावधपणे घ्यावा. नवलाई लवकरच ओसरली असावी, कारण १९९८ मध्ये राइस विद्यापीठातील संशोधकांनी वापरकर्त्यांची नजर बॅनर टाळून जाते असे दाखवले.

किंमत ठरवण्याची रीत अधिक गुंतागुंतीची आहे. ‘गोटू’ या शोधयंत्राने १९९८ मध्ये शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. त्यात जास्त बोली लावणाऱ्यास वरचे स्थान मिळे व प्रत्येक क्लिकमागे स्वतःची बोली भरावी लागे, म्हणून प्रतिस्पर्धी पैशापैशाने बोली वाढवत आणि एकाने माघार घेताच एकदम उतरवत. गूगलने २००२ मध्ये बोलीला जाहिरातीवर क्लिक होण्याच्या प्रमाणाची जोड दिली आणि विजेत्याकडून खालच्या स्थानावरील स्पर्धकास मागे टाकण्यापुरतीच रक्कम आकारली. या पद्धतीस पुष्कळदा व्हिक्री लिलाव (ज्यात विजेता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम भरतो व आपल्या मते असलेली खरी किंमत सांगणेच हिताचे ठरते) समजले जाते, परंतु एडेलमन, ओस्ट्रोव्हस्की व श्वार्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवल्याप्रमाणे तिच्यात खरी किंमत सांगणे नेहमीच हिताचे नसते.

परिणामकारकतेबाबत एकमत नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने स्वतःच्या नावाच्या शोधशब्दावरील जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सर्व ग्राहक खालच्या विनामूल्य दुव्यावरून येत राहिले. इतर शब्दांवरील जाहिरातींचा उपयोग मुख्यतः नव्या व क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता आढळला (ब्लेक, नोस्को व टॅडेलिस, २०१५). म्हणजे नाव आधीच ठाऊक असलेल्यास जाहिरात दाखवली की क्लिक मोजता येतो, विक्री वाढतेच असे नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलनेही २०१६ मध्ये फेसबुकवरील अतिसूक्ष्म लक्ष्यीकरण (ग्राहकांचे अगदी लहान गट निवडून त्यांनाच जाहिरात दाखवणे) कमी करण्याचे ठरवले, कारण घरोघरी लागणाऱ्या वस्तूंसाठी ते फार अरुंद ठरत होते. एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपलने अन्य अ‍ॅपांतील माग काढण्यास वापरकर्त्याची परवानगी सक्तीची केली. तेव्हापासून मजकुराच्या विषयानुसार जाहिरात देणे व दुकानाने स्वतः जमवलेली ग्राहकयादी यांना पुन्हा महत्त्व आले.

भारतात मुंबईस्थित जाहिरात मानक परिषदेने (आस्की, स्थापना १९८५) २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी सशुल्क मजकुरावर तसा ठळक उल्लेख करावा, असे नियम केले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदासंरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यास मनाई असून शासनास काही अपवाद ठरवता येतात.