थर्ड पोझिशन येत नाही, की शिफ्ट येत नाही?

फर्स्ट पोझिशनमध्ये दोन-तीन वर्षं सुखाने व्हायोलिन वाजवलेली मुलं माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: ‘‘वरच्या पोझिशनमध्ये कॉन्फिडन्स नाही.’’ मी काही न बोलता त्यांचा डावा हात उचलते, थेट थर्डमध्ये नेऊन ठेवते आणि म्हणते, वाजव. चार-पाच स्वर वाजतात, बऱ्यापैकी सुरात. मग म्हणते, आता फर्स्टपासून सुरू कर आणि इथे ये. की लगेच बोट भलतीकडे पडतं, कपाळाला आठ्या पडतात आणि ‘‘बघा ना, थर्ड येतच नाही!’’

अरे, थर्ड येतंय. आत्ताच वाजवलंस. येत नाही ती शिफ्ट.

पोझिशन ही हाताची जागा, शिफ्ट ही तिथवर जायची हालचाल. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले, की रियाजही चुकीच्या गोष्टीचा होतो. वरच्या पोझिशनमधल्या चिजा पानंच्या पानं वाजवून शिफ्ट सुधारत नाही.

तिसरं बोट आणि तिसरी पोझिशन यांतही काही जण घोळ घालतात, तो एका वाक्यात संपतो. पोझिशनचा नंबर पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, कुठे आहे त्यावरून ठरतो: ए तारेवर ते बी स्वरावर असलं तर फर्स्ट, डीवर असलं तर थर्ड.

पोझिशनपुरतं सांगायचं तर अडचण एकच, वर जाल तशी बोटं जवळ घ्यावी लागतात. तारेची मोकळी लांबी साधारण 33 सेंटिमीटर. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तार जिथे टेकते तिथे, अर्ध्या स्वराचं अंतर 18 मिलिमीटरच्या आसपास असतं. तार निम्मी होते त्या तार सप्तकाच्या जागी ते 9 वर येतं. हाताला ही ठेवण आठवडाभरात कळते, शिवाय तपासायला मोकळ्या तारा आहेतच. ए तारेवरचा थर्डमधला डी बरोबर लागला तर शेजारची डी तार आपोआप घुमते. असा फुकटचा तंबोरा असताना फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या काळ्या पट्टीवर, रंगीत पट्ट्या कशाला चिकटवायच्या? मलाही लहानपणी चिकटवून दिल्या होत्या. त्या निघाल्यावर सूर डोळ्यांतून कानात आणायला वर्ष गेलं.

आता शिफ्ट. ए तारेला सा माना. पहिलं बोट बीवर, म्हणजे रे. जायचंय थर्डमधल्या एफ शार्पवर, तिसऱ्या बोटाने, म्हणजे शुद्ध ध. बहुतेक जण काय करतात? तिसरं बोट हवेत उगारतात आणि नेम धरून वर फेकतात. लागला तर मटका. खरं तर प्रवास करायचा तो जुन्या बोटाने. पहिलं बोट तार न सोडता रेवरून मवर, म्हणजे डीवर सरकतं. हात थर्डमध्ये बसतो आणि मग तिसरं बोट जिथे पडायचं तिथेच पडतं, कारण ते अंतर पोझिशनला आधीच माहीत असतं. रे ते म जेमतेम साडेचार सेंटिमीटर. सुरुवातीला तो मधला म मुद्दाम ऐकू येईल असा वाजवा, आधी गळ्यातून म्हणून मग वाजवा. आठवडाभराने तो हळूहळू गिळून टाका.

दोन गोष्टी इथे घात करतात. पहिली, अंगठा. बोटं निघतात आणि अंगठा व्हायोलिनच्या मानेला चिकटून मागेच राहतो. मग हात ताणला जातो, पोहोचत नाही, आणि सूर उतरतो. वर जाताना अंगठा हाताबरोबर हवा, खाली येताना बोटांच्या किंचित आधी. दुसरी, दाब. सरकताना बोटाने तार फिंगरबोर्डपर्यंत दाबायची नसते, फ्लाजोलेटला (तारेला नुसता स्पर्श करून काढायच्या शिट्टीसारख्या स्वराला) ठेवतो तेवढंच हलकं ठेवायचं. गजही त्या क्षणी थोडा हळू आणि हलका.

आपल्याकडच्या कानांची खरी पंचाईत या दाबाशी आहे. डी. के. दातार किंवा एन. राजम यांचं गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकत वाढलेल्याला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं म्हणजे मींडच वाटते. मींडेत वाटेतली प्रत्येक श्रुती ऐकवायची असते, म्हणून बोट दाबलेलं आणि गज भरलेला. शिफ्टमध्ये वाट लपवायची असते. हात तोच, तारही तीच, दाब मात्र उलटा. हिंदुस्थानी शिकलेला विद्यार्थी स्टाफ नोटेशनवरची, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतली, चीज वाजवायला घेतो आणि प्रत्येक शिफ्टला मींड काढतो, तेव्हा मला हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो, कारण भीती त्याला ठाऊकच नसते. त्याचं एक कारण बैठक आहे. मांडी घालून, स्क्रोल, म्हणजे मानेचं वळलेलं टोक, उजव्या पावलावर टेकवून बसलं की व्हायोलिन डाव्या हाताच्या आधाराशिवाय राहतं. हात मोकळा. उभं राहून वाजवणाऱ्याला खाली येताना वाद्यच निसटेल अशी धास्ती असते. हनुवटी टेकवायची चिनरेस्टसुद्धा 1820 च्या सुमारास आली, जर्मन वादक श्पोअर यांच्याकडून. त्याआधीच्या वादकांची खाली उतरताना काय तारांबळ होत असेल! तुमचं व्हायोलिन खाली येताना हलत असेल, तर शिफ्टचा रियाज थांबवा आणि आधी खांद्यावर टेकणाऱ्या शोल्डर रेस्टची उंची बघा.

एका सवयीचा मला मनापासून राग आहे. चुकीच्या जागी उतरायचं, मग बोट रांगत रांगत सुरात न्यायचं आणि वर व्हायब्रेटोचं, म्हणजे बोट हलवून आणलेल्या कंपाचं, पांघरूण घालायचं. हात शेवटी तेच पाठ करतो, आधी चूक आणि मग दुरुस्ती. चुकलात तर चुकलेला सूर नीट ऐका, चढा की उतरा ते ठरवा आणि फर्स्टमध्ये परत जाऊन पुन्हा निघा. दहा मिनिटं एवढंच, एका तारेवर, एकाच स्वरजोडीचं. आणि हो, सेकंडला वगळून उडी मारू नका. तिथे मोकळ्या तारांची साथ कमी मिळते म्हणून सगळे ती टाळतात, मग फर्स्ट-थर्डच्या मध्ये कुठेतरी अडकतात.

पाचव्या पोझिशनच्या वर पुन्हा पोझिशनचे प्रश्न सुरू होतात. कोपर आत घ्यावं लागतं, अंगठा मानेच्या बुडाशी थांबतो. तार आखूड होते म्हणून गजही घोडीकडे सरकवावा लागतो, नाहीतर सूर बरोबर असूनही आवाज घोगरा येतो आणि माणूस उगाच बोटाला दोष देत बसतो.