तोंडातील कँडिडाचे चिवट वास्तव्य (एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधील)

कँडिडा या यीस्टजातीय बुरशीने तोंडात महिनोन्‌महिने ठाण मांडणे, पुष्कळदा काहीही त्रास न देता. निरोगी माणसांपैकीही बऱ्याच जणांच्या तोंडात ती असते. त्यामुळे बुरशी सापडणे म्हणजे आजार नव्हे. चट्टे, जळजळ किंवा गिळताना दुखणे सुरू झाले की आजार. सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्तात दर घनमिलिमीटरला २००च्या खाली गेल्या की एकातून दुसरे व्हायला वेळ लागत नाही.

मुंबईत रुग्ण सांगतो ते ‘तोंड आलंय’ एवढेच, आणि केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्स घेऊन जातो. खरी बुरशी दह्याच्या कवडीसारखी दिसते. गॉजने पुसली की निघते, खाली लाल, किंचित रक्ताळलेली त्वचा उरते. मिश्री-तंबाखूचा पांढरा चट्टा पुसून जात नाही, तसेच जिभेच्या कडेचा केसाळ ल्युकोप्लेकियाही (विषाणूमुळे येणारा खडबडीत पांढरा चट्टा). लाल प्रकार मात्र सर्रास नजरेतून सुटतो: कवळीखालची टाळू, जिभेच्या मध्यभागी गुळगुळीत झालेला पट्टा. ओठांच्या कोपऱ्यातील चिराही याच कुळातल्या असू शकतात.

तपासणीसाठी १० मिलि निर्जंतुक सलाइनने मिनिटभर चूळ भरून ती भांड्यात घेतात व कल्चरला (बुरशी वाढवून पाहायला) लावतात. रंग देणाऱ्या माध्यमावर कँडिडाच्या प्रजातींपैकी अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळसर, क्रुसाय गुलाबी व खडबडीत उगवते. लक्षणे नसताना केवळ या अहवालावरून गोळ्या सुरू करू नयेत. औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णात मात्र प्रजाती कळलीच पाहिजे: क्रुसायवर फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही, ग्लाब्राटावर बेभरवशाचे.

सौम्य आजारात क्लोट्रिमॅझोल १ टक्का माउथ पेंट चालतो. अन्यथा डॉक्टर पहिल्या दिवशी फ्लुकोनॅझोल २०० मिग्रॅ, पुढे रोज १०० ते २०० मिग्रॅ, एकूण ७ ते १४ दिवस देतात. अन्ननलिकेत पसरल्यास १४ ते २१ दिवस. दर वेळी १५० मिग्रॅची एकच गोळी आणून भागवणे ही वाईट सवय. चट्टे दबतात, पण असा तुटक मारा वर्षभर चालला की औषध पेशीबाहेर फेकणारी बुरशीच मागे उरते. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिनने फ्लुकोनॅझोलची रक्तातील पातळी घटते. मुंबईत हे विसरून चालत नाही.

पुन्हापुन्हा होत असेल तर आधी कवळी पाहावी. ॲक्रिलिकच्या बारीक छिद्रांत बुरशीचा थर बसतो आणि तोंड बरे झाले तरी तिथून परत येतो. रात्री कवळी काढावी, ब्रशने घासावी, पाण्यात भिजत ठेवावी. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चूळ आणि निस्टॅटिन हे बुरशीचे औषध यांत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, एरवी दोन्ही एकमेकांना निकामी करतात. दम्याचा स्टेरॉइड पंप ओढल्यावर चूळ भरणे हेही याच यादीतले.

मूळ उपाय एआरटीच, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या मोजक्या केंद्रांत भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय होते. सीडी-४ वाढले की चट्टे बहुधा थांबतात. बुरशी थोडीफार राहते, तिला राहू द्यावे. एआरटीच्या गोळ्या चालू असलेल्याच्या तोंडात पांढरे परत दिसले, तर बुरशीच्या औषधासोबतच चुकलेले डोस विचारावेत आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी चाचणी) करावा.