घरी शिकणाऱ्या दिव्यांग मुलाचे ३,५०० रुपये: नेमके कुणाचे?

‘मूल शाळेत जात नसेल तर नाव कमी होतं आणि सरकारी मदत बंद’ हे पालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय निवडता येतो. त्यांचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर राहतं. विशेष शिक्षकाने घरी यायचं असतं. (ते किती वेळा येतात, हे तालुक्यावर अवलंबून. तक्रार करावी ती याबद्दल.)

दुसरी अफवा याच्या अगदी उलट: ‘वर्षाला ३,५०० रुपये खात्यात येतात.’ समग्र शिक्षा अभियानात (शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत) प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती साहित्य-साधनं, उपचार, शिकवण्याचं साहित्य अशा कामांसाठी. पालकांच्या हाती रोख देण्यासाठी नाही. थेट खात्यात येतो तो दिव्यांग मुलींचा प्रोत्साहन भत्ता, महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगत्व असेल तर ‘निरामय’ आरोग्य विमा वेगळा. एक लाखापर्यंतच्या या विम्याला शाळेची अट नाही.

विचारणा गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्रात) करा, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सोबत ठेवून.