कुळथाने रंगवलेलं आतडं

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या सकाळच्या मंडळात एका मित्राने जाहीर केलं की त्याच्या आतड्याला भोकं पडली आहेत. जाहीर केलं ते पोहे-जलेबीची प्लेट हातात धरून, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत. त्याला कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. थकवा, गुडघेदुखी, केस गळणं, रात्री झोप न लागणं, सगळ्याचं मूळ म्हणे एकच: आतडं गळतंय आणि त्यातून विष रक्तात झिरपतंय. त्याला 'लीकी गट' असं भारदस्त नावही होतं. उपाय चाळीस दिवसांची पावडर. किंमत ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, "भिया, एवढ्यात महिनाभर रोज रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात जेवून येशील."

मी निवृत्त जीवशास्त्राचा मास्तर. अशा वेळी 'सगळं खोटं आहे' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पंचाईत ही की व्हिडिओ सगळाच खोटा नव्हता. आतड्याची भिंत खरोखर गळू शकते. ती गळली तर काय होतं हे शोधायला शास्त्रज्ञांनी जनुकं बदललेले उंदीर तयार केले, आणि त्या उंदरांची गोष्ट पावडरीपेक्षा फार सरस आहे.

आधी भिंत बघू. तोंडापासून शेवटापर्यंतच्या पन्हळीचं आतलं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं असं मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. 2014 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नीट मोजलं तर ते सुमारे 32 चौरस मीटर निघालं, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. (माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.) एवढ्या पसाऱ्याच्या एका बाजूला अन्न आणि अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला तुमचं रक्त, आणि मध्ये पेशींचा फक्त एक थर. एकच. केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. वर चिकट बुळबुळीत लेप असतो, पण भिंत म्हणावी अशी तीच. शिवाय ती कायमची नाही. लहान आतड्यात बोटांसारखे उंचवटे असतात, शाळेच्या पुस्तकातले उद्वर्ध, आणि त्यांच्या बुडाशी खळगे. खळग्यांत नव्या पेशी जन्मतात, बोटावर सरकत वर चढतात आणि तीन ते पाच दिवसांत टोकावरून गळून पडतात. म्हणजे गेल्या रविवारी पोहे पचवणाऱ्या पेशींपैकी आज जवळजवळ कुणी शिल्लक नाही.

आता प्रश्न असा की भिंतीतली प्रत्येक वीट सतत वर सरकते आहे, तर भिंत फाटत कशी नाही?

फाटत नाही, कारण पेशी एकमेकींचे हात धरून सरकतात. हे हात म्हणजे कॅडहेरिन नावाची प्रथिनं. जपानच्या मासातोशी ताकेइची यांना ती सापडली त्यात एका फसलेल्या प्रयोगाचा वाटा होता. क्योतोत ते पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य वापरत, आणि सुट्या झालेल्या पेशी पुन्हा झटकन गोळा होत. 1970च्या दशकात ते अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत गेले आणि तोच प्रयोग करू लागले, तर पेशी एकमेकींना चिकटेनात. तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारं एक रसायन मिसळलेलं होतं. कॅल्शियम गेलं की ट्रिप्सिन ते चिकटणारं प्रथिन कापून टाकत होतं. कॅल्शियम असलं की त्याला हात लावू शकत नव्हतं. कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग पाच मण्यांच्या माळेसारखा असतो आणि मण्यांमधल्या सांध्यांत कॅल्शियम बसतं, तेव्हाच ती माळ ताठ उभी राहते. आतड्यातल्या कॅडहेरिनला ई-कॅडहेरिन म्हणतात.

पण नुसता हात धरून भागत नाही. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हा गर्दी आवरायला स्वयंसेवक हातात हात गुंफून उभे राहतात. पाय घट्ट रोवलेले नसतील तर पहिल्याच रेट्याला साखळी वाहून जाईल. कॅडहेरिनचेही पाय असतात. त्याचं शेपूट पेशीच्या आत लोंबतं. त्याला बीटा-कॅटेनिन बिलगतं, बीटा-कॅटेनिनला अल्फा-कॅटेनिन, आणि ते पेशीच्या सांगाड्यातल्या अॅक्टिनच्या दोरांना. हात बाहेर, कॅटेनिनचा पट्टा कमरेला, पट्ट्याचं टोक खांबाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी करामत या पट्ट्यांवर आहे.

एखादं प्रथिन काय करतं हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे त्याचं जनुक काढून टाकणं. 1980च्या दशकात उंदरांत हे जमू लागलं आणि ज्यांनी ते जमवलं त्या कापेकी, इव्हान्स आणि स्मिदीज यांना 2007चं नोबेल मिळालं. ई-कॅडहेरिनचं जनुक 1994 साली काढून बघितलं गेलं. उंदीर जन्मलेच नाहीत. आईने अंड्यात ठेवलेल्या शिदोरीवर गर्भ पहिले काही दिवस कसाबसा तगला, पण गर्भाशयात रुजायची वेळ आली तेव्हा त्याला बाहेरचं धड आवरणच तयार करता आलं नाही. ज्याच्याशिवाय प्राणीच बनत नाही, त्याचा आतड्यातला उपयोग तपासायचा कसा?

इथे माझे आवडते उंदीर येतात, आणि त्यांच्या अलीकडे कुळीथ.

आमची आजी कोकणातली. इंदूरला येऊन सत्तर वर्षं झाली तरी तिला कुळथाच्या पिठल्याशिवाय पाऊसकाळ गोड लागायचा नाही, आणि तिकडून कोणी येणार असलं की कुळथाची पिशवी ठरलेली. या कुळथात एक प्रथिन असतं, लेक्टिन जातीचं. पेशींवरची एक ठरावीक साखर दिसली की ते तिला घट्ट धरतं. रक्तपेढीत ए रक्तगटाचे ए-1 आणि ए-2 हे पोटभेद ओळखायला ते अजून वापरतात. (हल्ली लेक्टिन म्हणजे विष, डाळी-उसळी सोडा, असाही एक प्रचार चालतो. नीट शिजवल्यावर डाळींतल्या लेक्टिनांचा जोर बहुतेक संपतो. पिठलं खुशाल खा.)

तर 1985 साली ब्रिटिश संशोधक ब्रूस पॉन्डर आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या जातींच्या उंदरांचे अगदी कोवळे गर्भ, म्हणजे मूठभर पेशींचे गोळे, एकत्र करून एकच उंदीर वाढवला. अशा मिश्र प्राण्याला काइमेरा म्हणतात. हा संकर नव्हे. संकरात प्रत्येक पेशीत दोघांची जनुकं असतात. इथे काही पेशी पूर्णपणे या घराण्याच्या आणि काही पूर्णपणे त्या. एका घराण्याच्या आतड्यातल्या पेशींना कुळथाचं लेक्टिन चिकटतं, दुसऱ्याच्या पेशींना नाही. लेक्टिनला रंग देणारा पदार्थ जोडून आतडं रंगवलं, आणि दिसलं ते असं की प्रत्येक खळगा एक तर संपूर्ण रंगलेला किंवा संपूर्ण कोरा. अर्धामुर्धा एकही नाही. म्हणजे एका खळग्यातल्या शेकडो पेशी एकाच आजीच्या नाती. बोटांवर मात्र रंगीत आणि कोरे पट्टे होते, कारण एका बोटाला भोवतीच्या अनेक खळग्यांतून पेशी मिळतात आणि प्रत्येक खळग्याची रांग आपापल्या गल्लीतून सरळ वर चढते. पुढे हेही कळलं की जन्मतः खळगे मिश्र असतात. पिल्लू दोनेक आठवड्यांचं होईपर्यंत एकेक घराणं बाकीच्यांना हुसकून लावतं. लहरियाची साडी असावी तसं ते आतडं दिसतं. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वर्गावर जायचं विसरलो होतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जेफ्री गॉर्डन आणि मिशेल हर्मिस्टन यांनी 1995 साली हाच पट्टेरीपणा कामाला लावला. त्यांनी जनुक काढलं नाही, उलट एक लबाड जनुक घातलं: कॅडहेरिनचं, पण बाहेरचा हात छाटलेलं. उरलं फक्त आतलं शेपूट. आता झांकीतले ते स्वयंसेवक आठवा. त्यांच्यात हात नसलेले शेकडो जण घुसले आणि कमरेचे सगळे पट्टे त्यांनीच बांधून घेतले, तर हात असलेल्यांना पट्टे उरत नाहीत. कॅटेनिन या खोट्या शेपटांना बिलगून बसतात, खऱ्या कॅडहेरिनचे पाय सुटतात आणि पेशींची पकड ढिली होते.

असं जनुक घातलेल्या मूलपेशी त्यांनी साध्या उंदराच्या गर्भात सोडल्या. जे उंदीर वाढले त्यांच्या आतड्यात ढिल्या पकडीच्या पेशींचा पट्टा आणि त्याला लागून धडधाकट पेशींचा पट्टा, एकाच पोटात. यातली गंमत समजून घ्या. एरवी आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांची तुलना केली की कोणीतरी विचारतंच: पिंजरा वेगळा असेल, खाणं वेगळं असेल, जंतू वेगळे असतील. इथे उंदीर एकच, खाणं तेच, जंतू तेच, मनस्तापही तोच. आणि दाह उठला तो ढिल्या पकडीच्या पट्ट्यांत. शेजारचा पट्टा ठीक. सूक्ष्मदर्शकाखाली तो दाह माणसांतल्या क्रोन्स या आतड्याच्या चिवट आजारासारखा दिसत होता. शिवाय काही ठिकाणी गाठीही धरल्या.

पण प्रयोगाचा खरा कस दुसऱ्या भागात आहे. लबाड जनुक कुठे चालू व्हावं हे त्याच्यापुढे जोडलेल्या बटणावर ठरतं. त्यांनी दोन बटणं वापरली. एकाने जनुक खळग्यापासून बोटाच्या टोकापर्यंत सगळीकडे चालू होई, दुसऱ्याने फक्त बोटावर. फक्त बोटावरची पकड ढिली केली तेव्हा पेशी भराभर वर सरकल्या, आकार हरवून बसल्या, वेळेआधी मेल्या. पण दाह झाला नाही. खळग्यासकट ढिली केली तेव्हाच आजार उठला. बोटावरची पेशी आज-उद्या जाणारच असते. खळगा मात्र टिकून राहतो, आणि तिथली फट रोज नव्याने निघत राहते.

म्हणजे भोकं पडली की आजार, एवढं ते सरळ नाही. पुढे पेशींच्या फटीशी बसणारं जॅम-ए नावाचं दुसरं प्रथिन काढलेले उंदीर आले. त्यांचं आतडं चाचणीत चक्क गळतं, पण ते उंदीर आपणहून आजारी पडत नाहीत. 2012 साली कारण पुढे आलं: गळती लागल्यावर त्यांचं शरीर आयजीए हे प्रतिपिंड जास्त बनवतं आणि प्रतिकारयंत्रणेतल्या दाह आवरणाऱ्या टी-पेशी कामाला लागतात. दुसऱ्या एका गटाने पेशीच्या कमरेभोवतीचं स्नायूसारखं कडं कायम आवळलेलं राहील असे उंदीर बनवले. त्यांचंही आतडं गळकं, आणि तेही धडधाकट. भडकलेल्या टी-पेशी बाहेरून सोडल्या तेव्हा मात्र त्यांचा आजार इतरांपेक्षा लवकर आणि जोरात वाढला.

उलट बाजूही आहे. 1993 साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ तीन लेख आले. तिन्हीत भिंतीला कोणी हात लावला नव्हता. बिघडवलं होतं ते प्रतिकारयंत्रणेतलं काहीतरी. त्यातल्या एकात 'शांत व्हा' असा निरोप देणारं इंटरल्यूकिन-10 काढलेलं होतं. तिन्ही प्रकारच्या उंदरांना आतड्याचा दाह झाला. आणि इंटरल्यूकिन-10 नसलेले हेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले तेव्हा आतडं शांत राहिलं. भिंत, पहारेकरी आणि जंतू या तिघांचं भांडण आहे ते; एकट्या भिंतीला दोष देऊन भागत नाही.

पहारेकरीही त्याच हाताला धरून उभे असतात, हा मला यातला सर्वांत देखणा भाग वाटतो. अस्तरातल्या पेशींच्या मध्ये काही टी-पेशी ठाण मांडून असतात. त्यांच्या अंगावर अल्फा-ई-बीटा-7 नावाचा एक आकडा असतो आणि तो अडकतो ई-कॅडहेरिनमध्येच, हे 1994 साली कळलं. बीटा-7 नसलेल्या उंदरांच्या आतड्यात पहारेकऱ्यांची वस्तीच नीट बसत नाही. त्याचा भाऊ अल्फा-4-बीटा-7 रक्तातून जाणाऱ्या पेशींना 'आतडं आलं, उतरा' असं सांगतो. तो झाकून टाकणारं वेडोलिझुमॅब हे औषध 2014पासून क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) यांसाठी दिलं जातं.

या आजारांची चेष्टा नको. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला वर्षभर जुलाब आणि रक्त पडत होतं. घरच्यांनी आधी 'कोणीतरी काही खायला घातलं' म्हणून उतारे केले, मग एका बाबाची राख दिली, आणि दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा वजन बारा किलो उतरलं होतं. करणीवाल्याची राख आणि व्हिडिओवाल्याची पावडर यांत मला डब्याच्या झाकणापलीकडे फरक दिसत नाही. दुसऱ्या टोकाला 'उंदीर बरा झाला, आता माणूस बरा होणार' असे मथळे असतात. उंदराचं आतडं माणसाचं नव्हे. उंदरात चाललेली कितीतरी औषधं माणसात आपटली आहेत.

तरी कधीकधी धागा जुळतो. 2009 साली ब्रिटनमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या हजारो रुग्णांची जनुकं निरोगी माणसांशी ताडून पाहिली, तेव्हा धोका वाढवणाऱ्या नव्या जागा सापडल्या. त्यातली एक होती ई-कॅडहेरिनच्या जनुकापाशी.

हे सगळं मी मित्राला दोन सकाळी सांगितलं. कमरेच्या पट्ट्यांपर्यंत त्याने ऐकलं, कॅटेनिनला तो हरवला. पावडर त्याची चालूच आहे, अजून अकरा दिवस बाकी आहेत. डबा मागून घेऊन मी मागची बारीक अक्षरं वाचली: इसबगोल, सुंठ, बडीशेप, ज्येष्ठमध. पोट साफ होतंय म्हणतो, ते इसबगोलाने होणारच. ते आमच्या नीमचच्या मंडीत पोत्यांनी मिळतं.