हिवाळी धावणे

हिवाळी धावणे : तापमान गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याखाली असताना उघड्यावर धावण्याचा व्यायाम व त्यासाठी लागणारी पोशाखाची तयारी. या पोशाखाचा सगळा हिशेब घामाभोवती फिरतो. उबदार कपड्यांची कमतरता कुणालाच नसते. ते कुठे थांबवायचे हे मात्र एक-दोन हिवाळे धावल्यावरच कळते.

स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के हालचालीच्या कामी येते, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. तोच पळू लागला की आकडा आठ-दहा पटींवर जातो. दारात उभे असताना सुखाचा वाटणारा स्वेटर म्हणूनच दहा मिनिटांत नकोसा होतो. धावणाऱ्यांचा जुना आडाखा असा, की तापमापीवरच्या आकड्यात १० अंश मिळवावेत आणि तेवढ्या हवेत फिरायला निघाल्यासारखे कपडे करावेत. बाहेर शून्य अंश सेल्सिअस असेल तर १० अंशांचे कपडे. पहिला किलोमीटर काकडतच जातो, आणि तो तसा गेला नाही तर अंगावर एक कपडा जास्त आहे असे खुशाल समजावे. आडाखा पळणाऱ्यासाठी आहे. जो मध्येमध्ये चालतो किंवा अगदी संथ धावतो, त्याला इतकी उष्णता मिळत नाही, त्याने एक थर वाढवावा.

अंग ओले झाले की गणित बदलते. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती बनियन घाम पिऊन घेते, जड होते आणि पाठीला चिकटून बसते. धावत असेपर्यंत ते जाणवत नाही. रस्ता ओलांडायला मिनिटभर थांबले, की मणक्यावर कुणी ओला टॉवेल ठेवल्यासारखा गारठा चढतो. त्यामुळे अंगालगतचा थर पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा असतो. कृत्रिम धागा पाणी फारसे शोषत नाही, ते पसरवून बाहेर ढकलतो आणि लवकर वाळतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प धरूनही ओली लागत नाही, मात्र वाळायला वेळ घेते. जाळीदार बनियनची कल्पना याहून गमतीची. १९३० च्या दशकात हेनरिक ब्रून या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून ती शिवली. ऊब धाग्यात नसते, जाळीच्या भोकांत अडकलेल्या हवेत असते, एवढेच तिचे मर्म.

मधला थर हवा कोंडून ठेवण्यासाठी; पातळ फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापड) पुरतो आणि शून्याच्या आसपास तोही बहुधा लागत नाही. वरचा थर वाऱ्यासाठी. येथे जलरोधक जाकिटाचा मोह टाळावा. बाहेरचे पाणी पूर्ण अडवणाऱ्या कापडातून आतली वाफही धिम्या गतीने जाते आणि पळणाऱ्याचा घाम तेवढी वाट पाहत नाही. छातीवर वारा अडवणारे आणि पाठीशी झिरझिरीत असे विंडचीटर अधिक कामाचे. सर्वांत उपयोगी भाग म्हणाल तर गळ्यापाशी असलेली झिप: चढावर उघडावी, उतारावर लावावी. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रे घालावीत. या विषयावर लोक संकोचाने बोलत नाहीत आणि मग एकदाच शिकतात.

शरीराचा गाभा गरम राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडतो, म्हणून घामाघूम माणसाचीही बोटे बधिर होतात. हे आखडणे अखंड नसते. बर्फगार पाण्यात बुडवलेले बोट आधी पांढरे पडते, काही मिनिटांनी त्यात पुन्हा रक्त येते आणि परत ओसरते, हे ब्रिटिश वैद्य टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये नोंदवले. बोटे सुटी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक ऊब देतात. निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज चुकीचा आहे; डोक्याचे क्षेत्रफळ शरीराच्या ७ ते १० टक्के असते आणि ते त्याच प्रमाणात उष्णता गमावते. कानटोपी तरीही हवीच, कारण कानाच्या पाळीत उष्णता निर्माण करणारा स्नायूच नाही.

वाऱ्याचा परिणाम मोजण्याची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यातले पाणी वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिका व कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार उणे १० अंश तापमान आणि ताशी ३० किमी वारा मिळून उघड्या चेहऱ्याला सुमारे उणे २० अंशांसारखे वाटते. हा निर्देशांक उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हवा शून्याच्या वर असेल तर निव्वळ वाऱ्याने त्वचा गोठत नाही, गारठते मात्र भराभर. पळणारा स्वतःही वारा निर्माण करतो: ताशी १२ किमी वेगाने शांत हवेतही तेवढा वारा तोंडावर येतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या समोर आणि येताना पाठीशी वारा, असा मार्ग निवडतात. उलट केले तर घामाने भिजलेले अंग घेऊन वाऱ्यात शिरावे लागते.

थंड हवेने फुप्फुसे गोठतात ही भीती निराधार आहे. फुप्फुसांत पोचेपर्यंत हवा तापते आणि ओलसर होते. त्रास होतो तो कोरडेपणाचा. जोरात श्वास घेताना श्वासनलिकांचे अस्तर सुकते, घशात खवखव होते, खोकला लागतो, दम्याच्या रुग्णांत नलिका आकसतात. नाकातोंडावरून ओढलेली गळपट्टी उच्छ्वासातली ओल पुढच्या श्वासाला परत देते. अर्ध्या तासात तिच्या बाहेरच्या बाजूवर पांढरा बर्फ जमतो, तेव्हा ती फिरवून घ्यावी. हृदयविकार असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय कडाक्याच्या थंडीत पळू नये, कारण थंडीने रक्तदाब वाढतो.

पायाखाली सर्वांत निसरडा बर्फ शून्याच्या जवळचा, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० अंशांतला बर्फ त्यामानाने बरा. पावले आखूड टाकावीत, वळणावर वेग सोडावा, गरज पडल्यास बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या चढवाव्यात. थंडीने तळव्याचा फोम कडक होतो, म्हणून ओळखीचे बूटही सुरुवातीला लाकडी लागतात.

नाकाचा शेंडा किंवा बोट पांढरे, मेणचट दिसले आणि तिथली संवेदना गेली तर हिमदंशाची शंका घ्यावी. बर्फाने चोळणे हा जुना उपाय घातक आहे. बोट काखेत धरावे आणि आडोशाला जावे. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली उतरले की माणूस अडखळतो, शब्द जड होतात आणि आपल्याला काही झालेले नाही असे तो हट्टाने सांगतो. अशा वेळी त्याचे ऐकू नये.

थांबताच उष्णतेची निर्मिती कोसळते, ओले कपडे मात्र अंगावर तसेच राहतात. त्यामुळे अंग ताणण्याआधी कपडे बदलावेत. सरावातले लोक लांब सरळ वाटेऐवजी घराभोवती फेऱ्या घेतात, म्हणजे पाय मुरगळला तरी चालत परतायचे अंतर कमी राहते. घराची किल्ली मोठ्या कडीत अडकवून नेतात, कारण बधिर बोटांना खिशातली सुटी किल्ली सापडत नाही.