वेब पत्त्याच्या सुरुवातीची अक्षरं (एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू)

ब्राउझरमधे वर जो पत्ता दिसतो त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस, मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा (://) असतात. हा भाग साइटच्या नावाचा नाहीच, समोरच्या सर्व्हरशी (साइट जिथे ठेवलेली असते त्या मशीनशी) कुठल्या पद्धतीने बोलायचं ते ब्राउझरला इथे कळतं. ह्या अक्षरांना स्कीम म्हणतात आणि बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीला प्रोटोकॉल. आजकाल बरेच ब्राउझर हा भाग लपवतात, पत्ता कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की लगेच दिसतो.

एचटीटीपी म्हणजे हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मधे वेबची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ती चालवून दाखवली. सुरुवातीचं एचटीटीपी फारच साधं होतं, ब्राउझरने एका ओळीत 'अमुक पान दे' म्हणायचं, सर्व्हरने पान द्यायचं आणि कनेक्शन बंद, बास. त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती हे बर्नर्स-ली यांनीच २००९ मधे मान्य केलं.

शेवटचा एस म्हणजे सिक्युअर. साध्या एचटीटीपीत सगळं उघडं जातं, म्हणजे हॉटेलच्या वायफायवर बसून पासवर्ड टाकला तर मधला कोणीही तो वाचू शकतो, आणि पानात स्वतःला हवं ते घुसवूही शकतो. नेटस्केप कंपनीने १९९४ च्या सुमारास ह्यावर एसएसएल नावाचं एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त लिपीत बदलून पाठवायची सोय) आणलं, १९९९ पासून त्याची जागा टीएलएस ह्या त्याच्याच सुधारित रूपाने घेतली. साधी साइट सर्व्हरच्या ८० नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) असते आणि एसवाली ४४३ वर. एससाठी साइटला सर्टिफिकेट, म्हणजे ते नाव तिचंच असल्याचा डिजिटल दाखला, लागतं, ते आधी बहुतेक विकतच घ्यावं लागायचं, पण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट द्यायला लागल्यावर लहान लहान साइटनाही परवडायला लागलं, आणि जुलै २०१८ पासून तर क्रोम एस नसलेल्या साइटवर 'नॉट सिक्युअर' असंच लिहायला लागला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच माणसं फसतात. एस म्हणजे साइट प्रामाणिक आहे असं अजिबात नाही!! एस फक्त एवढंच सांगतो की वाटेत कोणी वाचत नाहीये आणि पत्त्यात जे नाव आहे त्याच साइटशी आपण जोडलेलो आहोत. ते नावच चोराचं असेल तर आपला ओटीपी अगदी सुरक्षितपणे चोराकडे पोचतो. वीजबिल थकलंय, रात्री लाइट कापणार, असा मेसेज येतो त्यातल्या लिंकलाही एस असू शकतो. एसवाल्या पत्त्याशेजारचं कुलूप बघून लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मधे ते चिन्हच काढलं. म्हणून दोन रेघांच्या पुढचं नाव पहिल्या एकट्या रेघेपर्यंत बघायचं आणि ते उजवीकडून वाचायचं, कारण डावीकडे बँकेचं नाव कोणीही चिकटवू शकतो, मालक कोण ते डॉट कॉम किंवा डॉट इनच्या (डॉट को डॉट इन, डॉट बँक डॉट इन असेल तर त्या सगळ्याच्या) लगेच आधीच्या शब्दावरून कळतं.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू म्हणजे वर्ल्ड वाइड वेब, पण हा प्रोटोकॉल नाही. संस्थेच्या मेल, फाइल वगैरे मशीनमधून वेबचं मशीन ओळखू यावं म्हणून नावाआधी तसं लिहायची पद्धत पडली, आणि आता ते नसलं तरी बऱ्याच साइट उघडतात.

बाकी स्कीमही आहेत. फाइल पाठवायचा एफटीपी वेबपेक्षा जुना, त्याचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरला शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ मधे एमआयटीत असताना लिहिला, आणि क्रोम, फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मधे त्याचा सपोर्ट बंद केला. ईमेलच्या मेलटू आणि फोन नंबरच्या टेल मधे कोलन असतो पण रेघा नसतात. आणि वाण्याच्या काउंटरवरचा क्यूआर कोड उलगडला तर आतला मजकूर यूपीआय, कोलन, दोन रेघा असाच सुरू होतो, त्यावरूनच फोनला कळतं की ब्राउझर नाही, पैसे भरायचं ॲप उघडायचंय.